विशेष शाळा आणि आपले घर
(ज्ञातिसंस्थेच्या सोलापूर येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आज सकाळच्या सत्रात आपल्या ज्ञातीतील गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. कोणी शालान्त परीक्षेत नाव काढले, कोणी वैद्यकीय शाखेत प्रवेश मिळविला. मागावर धोटा फेकणाऱ्या आजोबांची नातवंडे आज या पदास पोहोचली, हे पाहून कोणाचा ऊर भरून येणार नाही? परंतु ज्या मुलांची नावे आपल्या कार्यक्रमपत्रिकेत कधीच छापली जात नाहीत, त्यांच्याविषयी दोन शब्द बोलण्याची मी आपली अनुज्ञा मागतो. जी मुले ऐकू शकत नाहीत, पाहू शकत नाहीत, ज्यांचे हातपाय मनाजोगे चालत नाहीत, किंवा ज्यांची समज वयाच्या मानाने सावकाश वाढते, अशी मुले आपल्याही घरांत आहेत. त्यांच्यासाठी ज्या शाळा चालतात तेथे नेमके काय घडते, आणि त्या शाळेचे काम सिद्धीस जावे म्हणून घराने व ज्ञातीने काय केले पाहिजे, एवढाच माझ्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम एक साधा हिशेब मांडतो. २०११ च्या जनगणनेत भारतात अपंग व्यक्तींची संख्या २ कोटी ६८ लाख नोंदली गेली. महाराष्ट्रात ती सुमारे २९ लाख ६३ हजार होती. देशाच्या लोकसंख्येशी हे प्रमाण शेकडा २.२१ पडते. म्हणजे जेथे दहा हजार माणसे असतील तेथे सव्वादोनशेच्या आसपास माणसे अशी असावयाची. आपली ज्ञाती काही जगावेगळी नाही. मग ती माणसे आज या मंडपात का दिसत नाहीत? त्यांची मुले आपल्या बक्षीससमारंभात का नाहीत? उत्तर आपणा सर्वांस ठाऊक आहे. पाहुणे आले की त्यांना आतल्या खोलीत बसविले जाते. थोरल्या बहिणीचे स्थळ पाहावयाचे असले की धाकट्या भावाचा उल्लेखच होत नाही. या लपविण्यामागे दुष्टपणा नसतो, धास्ती असते. तथापि त्या धास्तीची किंमत मुलाला मोजावी लागते, आणि ती वर्षांच्या चलनात मोजावी लागते.

या शाळांचा इतिहास थोडक्यात सांगतो. आपल्या प्रांतात या कार्याचा आरंभ मुंबईस झाला. १८८५ च्या सुमारास बिशप लिओ म्यूरिन यांच्या प्रेरणेने तेथे बधिर मुलांची शाळा निघाली. १९०० साली मिस ॲना मिलार्ड या अमेरिकन मिशनच्या बाईंनी अंध मुलांसाठी शाळा सुरू केली. १९३४ साली पुण्यात अंधांसाठी शाळा व वसतिगृह उभे राहिले. बुद्धीने मागे पडणाऱ्या मुलांकडे लक्ष जाण्यास मात्र अधिक काळ लागला. १९४४ साली मुंबईच्या वकील दांपत्याने आपल्या मुलीसाठी, आणि तिच्यासारख्या इतरांसाठी, शाळा काढली. ती आज जय वकील यांच्या नावाने ओळखली जाते. पुण्यात १९६४ साली सिंधूताई जोशी यांनी ‘कामायनी’ स्थापन केली. १९७२ साली मुंबईत मिठू अलूर यांनी मेंदूच्या पक्षाघाताने पीडित मुलांसाठी संस्था सुरू केली. त्यांची कन्या मालिनी चिब हिला हाच विकार होता. तिच्या हाताची केवळ करंगळी तिच्या इच्छेने चाले. त्या एका करंगळीने यंत्रावर अक्षरे उमटवून तिने आपले आत्मचरित्र लिहिले व ते २०१० साली प्रसिद्ध झाले.

या यादीत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मुंबईच्या शेवटच्या दोन संस्था सरकारने काढल्या नाहीत. त्या आईबापांनी काढल्या. ज्यांनी आपले मूल लपविले नाही, त्यांच्या उंबरठ्यावर हजारो मुलांची शाळा उभी राहिली.

आता या शाळांच्या आत जाऊ. पुष्कळांची अशी समजूत असते की, विशेष शाळा म्हणजे मुलाला दिवसभर सांभाळण्याची जागा. ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. विशेष शाळेत जे शिकविले जाते ते तुमच्याआमच्या शाळेपेक्षा कमी नसते, किंबहुना अधिक बारकाईचे असते. कारण आपली मुले जे न शिकविता शिकतात, ते येथे एकेक पायरी करून शिकवावे लागते. यासाठी शिक्षकांना निराळे प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि १९९२ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी व्हावी लागते.

बुद्धीने सावकाश वाढणाऱ्या मुलाचे उदाहरण घेऊ. समजा, त्याला सदरा घालावयास शिकवावयाचे आहे. आपण म्हणू, यात शिकविण्यासारखे काय आहे? परंतु शिक्षक या एका कृतीचे आठदहा तुकडे पाडतात: सदरा उलटसुलट ओळखणे, एक हात बाहीत घालणे, पाठीमागून दुसरी बाही शोधणे, गुंडी व तिचे काजे जुळविणे. पुष्कळदा ते शेवटच्या पायरीपासून आरंभ करतात. बाकी सर्व शिक्षक करतात आणि शेवटची गुंडी तेवढी मुलाने लावावयाची. म्हणजे प्रत्येक वेळी काम पुरे केल्याचे समाधान मुलाला मिळते. मग शेवटच्या दोन गुंड्या, मग तीन. असे करीत करीत काही महिन्यांनी तो मुलगा आपला सदरा आपण घालतो. प्रत्येक मुलासाठी अशी निराळी योजना कागदावर लिहिलेली असते. आज कोठे आहे, तीन महिन्यांनी कोठे यावयाचे, हे त्यात नमूद असते. परीक्षा शेजारच्या मुलाशी नसते, स्वतःच्या कालच्या दिवसाशी असते.

याच पद्धतीने शौचाची स्वच्छता, जेवण, रस्ता ओलांडणे, नाणी व नोटा ओळखणे, दुकानातून वस्तू आणून उरलेले पैसे परत आणणे हे शिकविले जाते. पूर्वप्राथमिक, प्राथमिक, माध्यमिक व पूर्वव्यावसायिक असे वर्ग असतात, आणि वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास मुलगा कर्मशाळेत जाऊ शकतो. तेथे कागदी पाकिटे, पणत्या, मेणबत्त्या, राख्या अशी कामे चालतात. मिळकत थोडी असते. परंतु आपल्या कष्टाचे चार पैसे आईच्या हातावर ठेवणाऱ्या मुलाचे घरातील स्थान कसे पालटते, हे कष्टाच्या मजुरीवर वाढलेल्या आपल्या ज्ञातीस मी वेगळे सांगावयास नको.

अंध मुलांची शाळा निराळी. लुई ब्रेल या फ्रेंच गृहस्थाने, जो स्वतः बालपणीच अंध झाला होता, एकोणिसाव्या शतकात सहा उठावदार ठिपक्यांची लिपी सिद्ध केली. सहा ठिपक्यांच्या निरनिराळ्या मांडणीतून त्रेसष्ट चिन्हे होतात. भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल १९५१ साली मान्य झाली, आणि त्यामुळे मराठी, तेलुगू, कानडी या तिन्ही भाषा एकाच पद्धतीने लिहिता येऊ लागल्या. पाटीवर जाड कागद बसवून टोचणीने ठिपके पाडतात. लिहिताना उजवीकडून डावीकडे लिहावयाचे आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे बोटाने वाचावयाचे! अंध बालक हे दुहेरी ध्यान वयाच्या सहाव्यासातव्या वर्षी आत्मसात करते. गणितासाठी भोकांची चौकट असते. तीत धातूचे छोटे ठसे निरनिराळ्या दिशांनी बसवून आकडे मांडतात. आणि या सर्वांइतकेच महत्त्वाचे शिक्षण पांढऱ्या काठीचे. काठीच्या टोकाने पायरी, खड्डा, भिंत ओळखीत एकट्याने चालता येणे, म्हणजे जन्मभर दुसऱ्याच्या खांद्यावरील हात काढून घेणे होय.

मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांविषयी एकच गोष्ट आवर्जून सांगतो. ज्याची मान स्थिर राहत नाही, ज्याच्या तोंडातून लाळ गळते, ज्याचे बोलणे कळत नाही, त्याला बुद्धीच नाही असे आपण धरून चालतो. वस्तुतः अशा कित्येक मुलांची बुद्धी शाबूत असते. शाळेत त्यांच्या शरीराच्या मापाची खुर्ची करून देतात, म्हणजे धड सरळ राहते व हात मोकळे होतात. स्नायूंचा व्यायाम नियमाने चालतो. आणि ज्याला बोलता येत नाही त्याच्यापुढे चित्रांचा व अक्षरांचा फलक ठेवतात. मूल नजरेने किंवा बोटाने दाखविते, आणि इतकी वर्षे आत कोंडलेले बोलणे बाहेर पडते.

बधिर मुलांची गोष्ट मी शेवटी ठेविली, कारण ती आपल्या सोलापूरच्या घरांशी फार जवळून निगडित आहे. जन्मतः बधिर असलेले मूल मुके नसते. त्याचा कंठ, जीभ, ओठ सर्व ठीक असतात. त्याने भाषा ऐकलेली नसते म्हणून ते बोलत नाही. भाषा मनात रुजण्याचा मुख्य काळ पहिल्या चारपाच वर्षांचा. त्या काळात श्रवणयंत्र मिळाले, किंवा योग्य प्रसंगी कानाच्या आत यंत्र बसविण्याची शस्त्रक्रिया झाली, आणि शिक्षकांनी व आईने रोज बोलण्याचा सराव करून घेतला, तर पुष्कळ मुले बोलू लागतात. ज्यांना ते साधत नाही त्यांच्यासाठी खुणांची भाषा आहे. १८८० साली इटलीतील मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने खुणांच्या भाषेला शाळांतून हद्दपार केले होते. पुढे शंभरावर वर्षे बधिर मुलांना त्याचे परिणाम सोसावे लागले. २०१० साली कॅनडातील व्हँकूव्हर येथील परिषदेने तो ठराव त्याज्य ठरविला. आपल्या देशातही भारतीय सांकेतिक भाषेसाठी २०१५ साली केंद्र सरकारने स्वतंत्र संस्था स्थापिली. बोलणे असो वा खुणा असोत, मुलाला भाषा मिळाली पाहिजे, आणि वेळेवर मिळाली पाहिजे, हे यातील सार आहे.

आता आपल्या पूर्वभागातील एखादे घर डोळ्यांपुढे आणा. खालच्या शेडमध्ये यंत्रमाग चालतात. तेथील आवाज नव्वद डेसिबलच्या वर सहज जातो. वर्षानुवर्षे मागावर उभे राहिलेल्या आजोबांना कमी ऐकू येते, वडिलांनाही उंच बोलण्याची सवय. घरात सर्वच जण मोठ्याने बोलतात आणि हातवाऱ्यांनी समजावितात. अशा घरात दोन वर्षांचे मूल हाकेला ओ देत नाही, ही गोष्ट कोणाच्या लक्षात यावी? माग सुरू झाले की जमीन थरथरते आणि मूल वळून पाहते; त्याला ऐकू आले असे आपण समजतो. ते थरथरीला वळलेले असते, आवाजाला नव्हे. पुढे कोणी शंका काढली तर एखादी आजी म्हणते, ‘याचा बापही उशिरा बोलला होता.’ अशी तीनचार वर्षे जातात, आणि भाषा रुजण्याची जी वर्षे होती नेमकी तीच जातात. म्हणून माझी मातांना हात जोडून विनंती आहे. माग बंद असताना, मुलाची पाठ आपल्याकडे असताना हाक मारून पाहा. संशय आला तर नवस करा, माझे काही म्हणणे नाही. पण नवस फेडण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात कानाची तपासणी करा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. अंगणवाडीत व शाळेत येणाऱ्या त्या पथकापासून मूल दडवू नका.

आपल्या घरांची आणखी एक विशेषता आहे. आपण घरात तेलुगू बोलतो, रस्त्यावर मराठी, आणि बाजारात कानडीही कानावर पडते. धडधाकट मुलाला याचा लाभ होतो. पण ज्याला यंत्राच्या साहाय्याने मोठ्या कष्टाने ऐकावे लागते, त्याला शाळेत ‘पाणी’ आणि घरी ‘नीळ्ळु’ असे दोन शब्द एकाच वस्तूसाठी ऐकू आले, आणि शिक्षकांना घरच्या शब्दाची कल्पनाच नसली, तर त्याचा गोंधळ होणार नाही काय? यावर उपाय आईने आपली भाषा टाकणे हा नव्हे. जी भाषा तिच्या ओठी सहज येते तीतच ती मुलाशी भरभरून बोलू शकते. उपाय इतकाच की, घरात कोणती भाषा चालते हे शाळेला पहिल्याच दिवशी सांगावे आणि दोघांनी मिळून क्रम ठरवावा. शाळा हे आपणहून ओळखील अशी अपेक्षा धरू नये.

यावरून माझा मुख्य मुद्दा आपल्या लक्षात आला असेल. विशेष शाळा मुलाला पाच तास शिकविते. उरलेले एकोणीस तास ते घरी असते. शाळेत गुंडी लावावयास शिकलेल्या मुलाच्या गुंड्या घरी आईने घाईघाईने लावून दिल्या, तर शाळेचे श्रम पाण्यात गेले. म्हणून चांगली विशेष शाळा मुलाबरोबर आईबापांनाही शिकविते. आपण मात्र फाटकापाशी मूल सोडतो आणि सुटल्यासारखे परततो.

अर्थात, बोलणे सोपे आहे. ज्या माउलीला दिवसाकाठी शेकड्यांनी विड्या वळून ब्रँचमध्ये द्यावयाच्या आहेत, तिने मुलाला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत जाणे म्हणजे त्या दिवसाची मजुरी सोडणे होय. तिला कर्तव्याचा उपदेश करण्याचा अधिकार आपणास तेव्हाच पोहोचतो, जेव्हा त्या मुलाच्या रिक्षाचे भाडे कोण देणार याचे उत्तर आपल्यापाशी असेल.

आता एका नाजूक विषयाकडे वळतो. वडीलधाऱ्यांनी राग मानू नये. आपल्यात मामाने भाचीशी, किंवा आतेभावाने मामेबहिणीशी लग्न करण्याची रूढी जुनी आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही जेथे रूढी असेल तेथे तिला मुभा ठेविली आहे. घरची मुलगी घरात राहते, मालमत्ता फुटत नाही, सासू परकी नसते, हे तिचे गुण मी नाकारीत नाही. परंतु मामा आणि भाची यांच्या रक्तात सरासरीने चौथा हिस्सा समान असतो, आते-मामे भावंडांत आठवा. काही दोष असे असतात की ते आईकडून व बापाकडून, दोहोंकडून आले तरच प्रकट होतात. एकाकडूनच आले तर आयुष्यभर दडून राहतात. नाते जितके जवळचे तितका असे दोन दडलेले दोष एकत्र येण्याचा संभव अधिक. जन्मजात बधिरत्व हे याचे एक ठळक उदाहरण आहे. सर्वच अपंगत्वे यातून येतात असे मुळीच नाही. प्रसूतीच्या वेळी बाळाला प्राणवायू कमी पडणे, तीव्र कावीळ, मेंदूज्वर, गरोदरपणी होणारा रुबेला, अशी अनेक कारणे आहेत. आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. म्हणून ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांना बोल लावण्यासाठी मी हे सांगत नाही. ज्यांची लग्ने अजून ठरावयाची आहेत त्यांनी विचार करावा आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, एवढ्याचसाठी सांगतो.

कारण ‘पूर्वजन्मीचे पाप’ हा शब्द अजून आपल्या ओठांवर आहे. ज्यांच्या नावाचा रथ आपण दर नारळी पौर्णिमेला ओढतो, त्या मार्कंडेय महामुनींची कथा आठवा. मृकंडू ऋषींनी पुत्रासाठी तप केले, तेव्हा शंकरांनी त्यांच्यापुढे दोन पर्याय ठेविले: सर्वगुणसंपन्न पण सोळाच वर्षांचा पुत्र, किंवा दीर्घायुषी पण मंदमती पुत्र. मृकंडूंनी पहिला मागितला, आणि त्या बालकाने आपल्या भक्तीने काळालाही परत पाठविले. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु जो मागितला गेला नाही त्या दुसऱ्या पुत्राचा विचार आपण कधी केला आहे काय? तो पुत्र आज आपल्यापैकी काहींच्या घरी आला आहे. त्याला कोणी मागितले नव्हते, आणि पर्याय निवडण्याची संधी त्याच्या आईबापांना मिळालीही नव्हती. परंतु तोही महादेवाच्याच हातातील वर होता, शाप नव्हता. इतके जर ध्यानात राहिले, तर त्याला आतल्या खोलीत बसविण्याचे कारण उरत नाही.

त्या दुसऱ्या पुत्राचे वर्णन ‘दीर्घायुषी’ असे होते, हेही अर्थपूर्ण आहे. डाउन सिंड्रोम नावाचा जन्मजात प्रकार असलेली मुले १९४० च्या सुमारास पाश्चात्य देशांतही सरासरीने बाराएक वर्षे जगत. आता तेथे ती साठीपर्यंत जातात. वैद्यकाने आयुष्य वाढविले, आणि त्याबरोबर प्रत्येक आईबापाच्या उशाशी एक प्रश्न आणून ठेविला: ‘आमच्या मागे याचे काय?’ मुलगा जेव्हा चार वर्षांचा असतो तेव्हा हा प्रश्न दूरचा वाटतो. पण याचे निम्मे उत्तर विशेष शाळेत त्याच वयात घडत असते. जो आपले जेवण, आपली स्वच्छता, आपले कपडे स्वतः पाहू शकतो, त्याला भावजय जड मानीत नाही. जो काहीच करू शकत नाही, त्याच्यावर प्रेम असूनही घर थकते.

उरलेले निम्मे उत्तर कायद्यात आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी, अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली आहे. जिल्हाधिकारी ज्या स्थानिक समितीत असतात तिच्याकडे अर्ज करावयाचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले. १९९५ च्या जुन्या कायद्यात ते सातच होते. चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी नोकऱ्यांत चार टक्के, उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखीव आहेत. शालान्त परीक्षेत वाढीव वेळ व लेखनिक मिळतो. महाराष्ट्रात २०२२ च्या डिसेंबरपासून दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खाते आहे. परंतु या सर्वांचे दार एकाच किल्लीने उघडते, आणि ती म्हणजे अपंगत्वाचे प्रमाणपत्र व त्यावरून मिळणारे ओळखपत्र. ते सरकारी रुग्णालयातील तपासणीनंतर मिळते. ‘नाव सरकारदरबारी लागले तर बहिणीचे लग्न जमणार नाही’ म्हणून किती घरांनी तो कागद काढलेला नाही, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

येथे कोणी विचारील, सर्व मुले एकाच शाळेत शिकावीत असे आता म्हणतात. मग निराळ्या शाळा कशाला? प्रश्न रास्त आहे. १९९४ साली स्पेनमधील सालामांका येथे अनेक राष्ट्रांनी एकत्र शिक्षणाचे तत्त्व मान्य केले, आणि ते योग्यच आहे. जे मूल शेजारच्या शाळेत शिकू शकते त्याने तेथेच शिकावे. परंतु ब्रेल न येणाऱ्या अंध मुलाला साठ मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर बसविणे म्हणजे एकत्र शिक्षण नव्हे. विशेष शाळा ही बहुतेकांसाठी पूल असावी. मूल तेथे आपले साधन हाती घेते, आणि ज्याला शक्य असेल तो पूल ओलांडून पलीकडे जातो. ज्याला शक्य नसेल त्याच्यासाठी तेथेच सन्मानाची जागा असते.

आता सूचना करून माझे बोलणे आवरते घेतो. आपली ज्ञातिसंस्था वसतिगृहाला मदत करते, शिष्यवृत्त्या देते, वधूवरांची सूची छापते. ती आणखी चार गोष्टी सहज करू शकेल. पहिली, अशा मुलांची एक खाजगी नोंदवही दोन विश्वासू भगिनींच्या हाती असावी. त्यांनी घरी जाऊन तपासणी, प्रमाणपत्र व शाळा या तीन पायऱ्यांपर्यंत कुटुंबाला पोहोचवावे. सोलापूर शहरात व जिल्ह्यात अंध, मूकबधिर व मतिमंद मुलांच्या शाळा आहेत. त्यांची माहिती पूर्वभागातील प्रत्येक गल्लीत ठाऊक असली पाहिजे. दुसरी, शिष्यवृत्ती निधीतून या मुलांच्या जाण्यायेण्याच्या खर्चासाठी स्वतंत्र रक्कम ठेवावी. तिसरी, वधूवर सूची पाहताना, भाऊ किंवा बहीण अपंग आहे एवढ्याच कारणास्तव स्थळ नाकारणार नाही, असे प्रथम कार्यकारी मंडळाच्या सभासदांनी स्वतःच्या घरापुरते जाहीर करावे. चौथी, पुढील वर्षीच्या सत्कारात अशा एका तरी मुलाचे नाव असावे. टक्केवारीसाठी नव्हे, तर या वर्षी त्याने जे नवे साध्य केले त्यासाठी. आणि ज्या सभागृहात आपण बसलो आहोत त्याच्या पाच पायऱ्यांशेजारी एक उतार बांधला, तर तो सत्कार स्वीकारण्यास त्याला कोणी उचलून आणावे लागणार नाही.

आपण विणकरांची लेकरे आहोत. मागावर ताणा लावला असताना एखादा धागा तुटला, तर चांगला विणकर ताणा कापून टाकीत नाही आणि तुटलेली जागा तशीच पुढेही ढकलीत नाही. तो माग थांबवितो, धागा शोधतो, गाठ देतो आणि मगच पुढे विणतो. थांबण्यात त्याचा वेळ जातो, मजुरीही बुडते. पण ते केल्याखेरीज चादर पुरी होत नाही, हे त्याला ठाऊक असते. ज्ञाती या नात्याने आपणही काही क्षण असे थांबावे, एवढीच माझी प्रार्थना आहे.